बाईचं शरीर आणि बाईचं काम

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागतं आणि पाळी सुरू असलेल्या बाईला २९. दर महिन्याला रक्त जातं, रक्ताबरोबर लोह जातं, ते भरून काढावं लागतं. हा फरक निसर्गाचा. आता जेवणाची पंगत बघा. आधी पुरुष, मग पोरं, मग बायका, आणि बायकांतही शेवटी सून. तिचा नंबर येईपर्यंत पातेल्यातली भाजी तळाला गेलेली असते, मटणाचे तुकडे आधीच्या ताटांत संपलेले असतात. उरतो तो रस्सा, त्यात चुरायला भाकरी. हा फरक मात्र निसर्गाचा नाही. ज्या शरीराला दीडपट लोह लागतं त्याच शरीराच्या वाट्याला शेवटचं ताट येतं. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला, त्याच वयाच्या पुरुषांमध्ये २५ टक्के.

रक्त कमी का, असं त्या सुनेच्या सासूला विचारलं तर उत्तर ठरलेलं आहे: बाईचा जन्मच तसा. पाळी येणं आणि शेवटी जेवणं ही दोन्ही एकाच वाक्यात बसवली जातात. इथंच सगळा घोळ आहे.

पाळी, गर्भाशय, बीजांड, शुक्रजंतू, संप्रेरकं हे झालं लिंग. बायकांनी शेवटी जेवावं, मुलग्यानं रडू नये, हिशेब बाप्यानं बघावा, ही समाजानं लिंगावर चढवलेली वागण्याची रीत. तिला आपण लिंगभाव म्हणतो. आणि ती रीत इतकी घट्ट झाली की माणूस समोर दिसायच्या आधीच त्याच्याविषयी मत तयार असतं, तो साचा. शब्द पुस्तकी वाटतात खरे, पण गोष्ट मराठी माणसाला अवघड जाऊ नये. खुर्ची 'ती' आणि टेबल 'ते' म्हणताना खुर्चीला गर्भाशय असतं असं कुणी मानत नाही. कोकणीत आणि मालवणीत तर लहान मुलीलाही 'तें चेडूं' म्हणतात, म्हणून ती मुलगी नाही असं होत नाही. नाव देणं वेगळं आणि वस्तू वेगळी, हे व्याकरणात आपल्याला पक्कं कळतं. संसारात आलो की विसरतो.

या लेखाचं म्हणणं एवढंच आहे: जिथं शरीराचा फरक मोजायला हवा तिथं आपण डोळे मिटतो, आणि जिथं शरीराचा काही संबंध नाही तिथं शरीराचं नाव पुढं करतो. नुसतं 'स्त्री-पुरुष समान' म्हणून हे सुटत नाही, कारण पहिल्या चुकीवर ती घोषणा औषध नाही. उलट कधीकधी ती चूक वाढवते.

रक्तक्षयाचंच घ्या. सरकारी उपाय गोळीचा. शाळेतल्या दहा वर्षांपुढच्या मुलामुलींना आठवड्याला एक निळी गोळी, गरोदर बाईला रोज एक लाल गोळी, किमान १८० दिवस. दोन्हींत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल. गोळी चांगलीच आहे. पण ती उपाशीपोटी घेतली की मळमळतं, शौचाला काळं होतं, आणि हे आधी कुणी सांगितलेलं नसेल तर बाई घाबरून उरलेली पाकिटं फळीवर ठेवून देते. जेवण उरकून लगेच चहा घेतला तर चहातलं टॅनिन लोह शोषू देत नाही. लिंबू पिळलं तर शोषण वाढतं. हे सगळं सांगता येतं, आशाताई सांगतातही. पण ताटं वाढण्याचा क्रम कुठल्याही गोळीच्या पाकिटावर छापलेला नसतो. गोळी शरीराची गरज बघते, पंगत रीत बघते, आणि रोज दोनदा पंगत जिंकते.

याहून उघडं उदाहरण ऊसतोडीचं. बीड, नगर, जालना, परभणी भागातून दिवाळीच्या सुमाराला कुटुंबंच्या कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीला जातात, ती पाच-सहा महिन्यांनी परततात. मुकादमाच्या वहीत हिशेब माणसांचा नसतो, कोयत्यांचा असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल हंगामाच्या आधी मिळते, ती बहुतेक नवऱ्याच्या हातात, आणि फेडायची दोघांनी. फडात बाई ऊस तोडते, पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेते आणि फळीवरून चढून गाडीत टाकते. 'जड काम गड्याचं, हलकं बाईचं' म्हणणाऱ्यानं ही फळी एकदा बघावी. त्याआधी पहाटे तीनला उठून तिनं चूल पेटवलेली असते, पाणी आणलेलं असतं. परत आल्यावर कोपीत, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीत, पुन्हा चूल. नवऱ्याचं काम फडात संपतं.

म्हणजे कामाची वाटणी झाली तेव्हा बाई ही बाई होती. स्वयंपाक तिचा, पाणी तिचं, पोरं तिची. पण कोयता मोजताना तिचं बाईपण गायब. पाळीचा दिवस, गरोदरपणाचा सातवा महिना, बाळंतपणानंतरचे आठवडे, यांतलं काहीच वहीत नसतं. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा. मजुरी बुडते आणि वर दंडही कापला जातो. कोप्यांजवळ न्हाणी नाही, संडास नाही, पॅड बदलायला आडोसा नाही. पाळीत दिवसभर तोच कपडा राहतो, संसर्ग होतो, अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं. मग कुणीतरी सुचवतं, पिशवी काढून टाक, कटकटच नको. दोन-तीन मुलं झालेली असली की 'आता तिचं काय काम?' हा युक्तिवाद डॉक्टरपासून जावेपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतो.

ओरड झाल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारनं समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. दर सहा जणींमागे एक. गर्भाशयाबरोबर बीजांडकोशही काढले तर शरीर एका दिवसात रजोनिवृत्तीत जातं. अंगातून वाफा येतात, झोप उडते, हाडं ठिसूळ व्हायला लागतात. बीजांडकोश ठेवले तरी पुष्कळदा रजोनिवृत्तीचे त्रास लवकर सुरू होतात. म्हणजे ज्या कमरेच्या जोरावर मोळी उचलायची तीच कमर चाळिशीआधी जाते. इथं प्रश्न बायकांच्या अडाणीपणाचा नाही. कामाची व्यवस्था शरीराला जागा देत नसेल तर माणूस शरीर कापून व्यवस्थेत बसवतो. त्या कोपीपाशी पाणी, आडोसा आणि खाड्याशिवाय महिन्याला दोन दिवस असते तर यांतल्या बऱ्याच शस्त्रक्रिया झाल्याच नसत्या, असं मानायला भरपूर जागा आहे.

आता उलटी चूक. शरीराचा आधार नाही आणि तरी शरीराचं नाव.

'ऑपरेशन केलं का?' हा प्रश्न आपल्याकडे बाळंतिणीलाच विचारतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात स्त्री-नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के आहे आणि पुरुष-नसबंदीचं ०.३ टक्के. दोन्ही शस्त्रक्रिया शेजारी ठेवून बघा. बाईच्या शस्त्रक्रियेत पोट उघडावं लागतं किंवा दुर्बीण आत घालावी लागते, नळ्या पोटाच्या आत असतात. पुरुषाच्या शुक्रवाहिन्या कातडीखाली हाताला लागतात. बिनटाक्याच्या पद्धतीत जागा बधिर करून एक छोटं छिद्र पाडतात, दोन्ही बाजूंच्या वाहिन्या बाहेर ओढून कापतात, बांधतात, संपलं. वीसेक मिनिटं. माणूस चालत घरी जातो. दोन दिवस विश्रांती, घट्ट लंगोट, आठवडाभर ओझं उचलायचं नाही.

मग इतका फरक का? 'गड्याला कमजोरी येते, त्याला शेतात राबायचं असतं.' हे जीवशास्त्र म्हणून सांगतात, पण जीवशास्त्र नेमकं उलटं आहे. पुरुषी संप्रेरक वृषणातून थेट रक्तात उतरतं, शुक्रवाहिनीतून जात नाही, म्हणून वाहिनी कापल्यानं त्यात फरक पडत नाही. दाढी, ताकद, इच्छा, ताठरता सगळं जागच्या जागी. वीर्यातला बहुतेक भाग शुक्राशय आणि प्रोस्टेट ग्रंथी तयार करतात. शुक्रजंतूंचा वाटा जेमतेम पाच टक्क्यांच्या आत, त्यामुळे वीर्याचं प्रमाण घटलेलं लक्षातही येत नाही. आणि राबायचं तर बाईलाही असतंच की. पोटाला टाके घेऊन ती पंधराव्या दिवशी पाण्याची कळशी उचलते, तेव्हा कमजोरीची आठवण कुणाला होत नाही.

या भीतीला इतिहास आहे, तो झाकून चालणार नाही. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या ६२ लाखांच्या आसपास पुरुषांच्या, आणि बऱ्याच जबरदस्तीनं. महाराष्ट्रानं तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक १९७६ मध्ये विधिमंडळात संमत केलं होतं. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून ते बारगळलं. पुढं सरकारांनी धडा घेतला तो असा की पुरुषाच्या वाटेला जायचं नाही. ऑपरेशनचं ओझं गुपचूप बाईच्या पोटाकडे सरकलं. तिच्यावर सक्ती केली तर सरकार पडत नाही, हे एव्हाना कळलेलं होतं.

एक गोष्ट दवाखान्यात सांगतात पण ऐकली जात नाही, आणि तिथंच घरं मोडतात. पुरुषाची नसबंदी त्याच दिवशी लागू होत नाही. कापलेल्या जागेच्या पुढच्या भागात शुक्रजंतू उरलेले असतात. तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि मग वीर्य तपासून जंतू शून्य असल्याची खात्री करायची. ही तपासणी चुकवतात. दुसऱ्या महिन्यात बायकोला दिवस जातात आणि संशय कुणावर? नवऱ्याच्या नळीवर नाही, बायकोच्या चारित्र्यावर. शस्त्रक्रिया पुरुषाची, चूक तपासणीची, शिक्षा बाईला. साचा म्हणतात तो हा. घटना काहीही घडो, निकाल आधीच लिहिलेला.

मुलगा-मुलीचंही तेच. सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत प्रत्येक गर्भाच्या जननग्रंथी सारख्याच असतात. वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय हे जनुक (ते १९९० मध्ये सापडलं) कामाला लागलं की वृषण घडायला लागतात, नाही लागलं तर बीजांडकोश. वाय येतो शुक्रजंतूतून, म्हणजे बापाकडून. तरी 'तिला मुलीच होतात' हे वाक्य पिढ्यान् पिढ्या टिकून आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्रानं केला, १९८८ मध्ये. आणि याच राज्यात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ च्या जनगणनेत ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. सोनोग्राफीचं यंत्र लिंग बघतं, गर्भपात लिंगभावावरून होतो.

घरकामाबद्दल फार लिहायला नको, आकडा पुरे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला २८९ मिनिटं घालवतात आणि करणारे पुरुष ८८. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. बायकांची दहा मिनिटं वाचली, तर पुरुषांनीही नऊ वाचवून घेतली. आणि हे 'करणारे' पुरुष. न करणाऱ्यांचा यात हिशेबच नाही. भाषाही लबाड: तो भांडी घासतो तेव्हा 'बायकोला मदत करतो'. मदत दुसऱ्याच्या कामात करतात. स्वतःच्या घरातलं स्वतःचं उष्टं ताट ही कुणाची मालमत्ता?

समान वागवलं की न्याय झाला, असं वाटणाऱ्यांसाठी सार्वजनिक मुतारी हा उत्तम धडा आहे. पुरुषांना जेवढी चौरस फूट जागा तेवढीच बायकांना, असं नकाशावर दाखवलं की काम झालं असं वास्तुविशारद समजतात. पण पुरुषांच्या जागेत उभ्या मुताऱ्या दाटीनं बसतात, बायकांना प्रत्येकीला दार असलेली खोली लागते, म्हणून त्याच जागेत सोय कमी जणींची. शिवाय तिला वेळ जास्त लागतो. साडी किंवा सलवार सावरायची, बसायचं, पाळी असेल तर पॅड बदलायचं, कडेवर पोर असेल तर ते सांभाळायचं. बाईची मूत्रनलिका चार सेंटिमीटरच्या आसपास, पुरुषाची वीसेक, म्हणून जंतू तिच्या मूत्राशयात लवकर पोचतात. एसटीची कंडक्टर, चौकातली ट्रॅफिक पोलीस, मंडईतली भाजीवाली, या सगळ्यांचा उपाय एकच: पाणी प्यायचं नाही. उन्हाळ्यात पाणी न पिता आठ तास. मुंबईत २०११ पासून चाललेल्या 'राइट टू पी' मोहिमेनं आणखी एक गोष्ट उघडी केली. पुरुषांना लघवी फुकट, बायकांकडून पैसे, कारण दाराआड ती काय करते ते बाहेरच्या माणसाला कळत नाही. सारखी जागा दिली म्हणजे शरीर मोजलं नाही. इथं न्याय हवा असेल तर बायकांना जास्तच द्यावं लागेल, आणि त्याला सवलत म्हणायचं कारण नाही.

मग 'फरक आहे' हे मान्य केलंत ना, असं म्हणून दुसरी बाजू टाळी मागते. फरक आहे, पण सरासरीचा. भारतीय पुरुषाची सरासरी उंची १६५ सेंटिमीटरच्या आसपास, बाईची १५२. तरी प्रत्येक बाई प्रत्येक पुरुषापेक्षा बुटकी, असं शहाणा माणूस म्हणत नाही, कारण गल्लीतली उंच मुलगी डोळ्यांना दिसते. ताकद, धीर, गणित, रडणं यांबद्दल मात्र आपण सरासरीचंसुद्धा नाही, ऐकीवाचं माप लावतो. महाराष्ट्र पोलीस भरतीत मुलग्यांना १६०० मीटर धावायचं असतं, मुलींना ८०० मीटर. गोळा मुलग्यांचा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. धावण्या-फेकण्यात शरीराचा फरक खरा आहे, तिथं दोन मापं ठेवणं समजू शकतं. पण मैदानावरून ठाण्यात आल्यावर तीच मुलगी वर्षानुवर्षं आवक-जावक नोंदवहीवर बसवली जाते तेव्हा गोळ्याचं वजन कामाला येत नाही. तिथं साचा बोलतो.

सैन्याच्या खटल्यात हे भर कोर्टात दिसलं. बायकांना कायम नियुक्ती का नको, याबद्दल केंद्र सरकारनं सर्वोच्च न्यायालयात शरीराच्या मर्यादा, बाळंतपण आणि संसार ही कारणं दिली. त्याच्याच जोडीला, ग्रामीण भागातून आलेले जवान बाईच्या हुकमात राहायला तयार नसतात, असंही लिहून दिलं. म्हणजे अडचण हुकूम ऐकणाऱ्याची, आणि अपात्र ठरणार देणारी. १७ फेब्रुवारी २०२० च्या निकालात न्यायालयानं हे साचेच आहेत असं म्हणून ते फेटाळले. पुढं खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची दारंही उघडली आणि ३० मे २०२५ ला तिथून पहिल्या १७ मुली उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या.

साच्यात पुरुषही अडकतो, हे वाक्य अनेकदा बायकांचा प्रश्न बाजूला सारायला वापरतात, म्हणून ते जपून वापरावं. पण खोटं नाही. २०२२ मध्ये देशात झालेल्या आत्महत्यांत ७१.८ टक्के पुरुष होते. कर्जाचा बोजा सातबाऱ्यावर, सातबारा त्याच्या नावावर, आणि 'घर मी चालवतो' ही शेखी मिरवायला शिकवलेला माणूस मदत मागायला शिकलेला नसतो. जमीन एकट्याची ठेवली की कर्जही एकट्याचं राहतं. बहिणीकडून भाऊबीजेच्या आसपास हक्कसोडपत्रावर सही घेणाऱ्या भावाला हे कुणीतरी सांगावं. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रानं १९९४ मध्येच केली, देशानं २००५ मध्ये. सही मात्र अजून 'माहेर तुटायला नको' म्हणून होते.

शेवटी लिंग तरी दोनच कप्प्यांत बसतं का? बहुतेकांचं बसतं, सगळ्यांचं नाही. सुमारे अडीच हजार मुलींमागे एक एकाच एक्स गुणसूत्राची जन्मते, हजारभर मुलग्यांत एकदोन जण दोन एक्स आणि एक वाय घेऊन येतात. काहींची गुणसूत्रं एक्स-वाय पण शरीर पुरुषी संप्रेरकाला दादच देत नाही, ती मुलगी म्हणून वाढतात आणि पाळी आली नाही म्हणून सोळाव्या वर्षी दवाखान्यात जातात. शिवाय ज्यांचं शरीर एका बाजूचं आणि स्वतःची ओळख दुसऱ्या बाजूची, ते वेगळे. त्यांची ओळख सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ ला मान्य केली. कायदा २०१९ मध्ये आला.

अर्जावरचा 'लिंग' हा रकाना या सगळ्यांना एका चौकोनात कोंबतो. लायब्ररीच्या कार्डावर, वीजजोडणीच्या अर्जावर, सोसायटीच्या फॉर्मवर तो कशासाठी, याचं उत्तर कुणाकडे नसतं. रक्ततपासणीच्या कागदावर मात्र तो लागतो. हिमोग्लोबिन बाईत १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय, पुरुषात १३ च्या खाली. आता जन्मानं मुलगी असलेला आणि दोन वर्षं पुरुषी संप्रेरकाची इंजेक्शनं घेणारा एखादा माणूस १२.४ चा अहवाल घेऊन बसला आहे. त्या संप्रेरकानं रक्त वाढतं, त्याची पाळी थांबलेली आहे, म्हणून त्याच्यासाठी पुरुषांचीच मर्यादा धरायला हवी. प्रयोगशाळेतल्या मुलीनं आधारकार्ड बघून 'स्त्री'वर टिक केली आहे, आणि संगणकानं अहवालावर छापलं आहे: सामान्य.